शून्य पत्त्याचं कुलूप

पॅच सहा ओळींचा होता. कारखान्यातल्या यंत्रांना जोडलेल्या संगणकांचं फर्मवेअर आम्ही लिहितो. त्यातल्या कीबोर्डच्या ड्रायव्हरमध्ये हा बदल सुचवला होता आणि कारण एका ओळीत दिलं होतं: शून्य पानाचं संरक्षण चालू केलं की ड्रायव्हर अडकतो, तो अडकू नये म्हणून. सहा ओळी वाचायला दोन मिनिटं पुरतात. मी मात्र दुपारी वाचायला घेतल्या त्या संध्याकाळी खाली ठेवल्या, आणि तो वेळ वाया गेला असं मला आजही वाटत नाही.

हे क्षेत्र ज्यांचं नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगायला हवं. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या एखाद्या जागेचा पत्ता. कधीकधी 'अजून पत्ता ठरलेला नाही' असंही नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी शून्य हा आकडा वापरला जातो. तोच नल पॉइंटर. टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल आणला, कारण तो आणणं अगदी सोपं होतं. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. फोनवरचं एखादं ॲप चुकून या शून्य पत्त्यावर गेलं, तर ऑपरेटिंग सिस्टीम त्याला तिथल्या तिथे बंद पाडते. आपल्याला राग येतो, पण निदान चूक जिथे झाली तिथेच उघडी पडते.

फर्मवेअरमध्ये तेवढंही होत नाही. बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स उभं राहीपर्यंत यंत्र ज्याच्या हातात असतं ते हे फर्मवेअर. तिथे सगळे ड्रायव्हर एकाच मेमरीत, एकाच अधिकाराने, मध्ये भिंत न घालता नांदतात. आणि मुख्य अडचण अशी की शून्य हा पत्ता तिथे रिकामा नाही. १९८१च्या आयबीएम पीसीपासून त्या जागेवर वस्ती आहे. पहिल्या १०२४ बाइटमध्ये इंटरप्टची यादी: २५६ नोंदी, प्रत्येकी चार बाइट. त्याला लागून २५६ बाइटमध्ये बायोसची स्वतःची टिपणं. सोळाच्या पायावरच्या मोजणीत ४१७ या पत्त्यावर एक बाइट आहे, त्यात शिफ्ट, कंट्रोल, आल्ट, नम लॉक यांची स्थिती एकेका बिटात ठेवलेली असते. शून्यापासून मोजलं तर सहावा बिट कॅप्स लॉकचा. चाळीस वर्षांहून जुनी ही मांडणी. आमच्या कारखान्यांतल्या यंत्रांवर ती आजही रोज वापरात आहे.

म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने पत्ता न भरलेल्या पॉइंटरवर काही लिहिलं, तर ते लिहिलं जातं. कोणी अडवत नाही. इंटरप्टच्या यादीतली एखादी नोंद खराब होते आणि यंत्र पुढे चालत राहतं. मग बऱ्याच वेळाने, ज्याचा या चुकीशी काडीचा संबंध नाही अशा ड्रायव्हरच्या कामात ते कोलमडतं. पडद्यावर काहीच नसतं, कारण पडदा उजळायच्या आधीची ही गोष्ट. गिऱ्हाईक म्हणतं, कधी सुरू होतं, कधी होत नाही. सर्व्हिसवाला बोर्ड बदलून देतो. चूक कोडमध्ये तशीच राहते आणि चांगला बोर्ड भंगारात जातो.

यावर ईडीके-टू या मुक्तस्रोत फर्मवेअर प्रकल्पात २०१७ साली एक उपाय आला. शून्य पत्ता ज्या पानावर आहे ते पहिलं ४०९६ बाइटचं पान 'उपस्थित नाही' असं प्रोसेसरच्या तक्त्यात नोंदवायचं. मग त्या पानाला कोणी नुसता हात लावला तरी प्रोसेसर जागच्या जागी पेज फॉल्ट देतो आणि कोणत्या सूचनेपाशी ते घडलं तेही सांगतो. ही सोय मुळात बंद असते. चालू करायची की नाही ते फर्मवेअर बनवणाऱ्याने ठरवायचं. आम्ही ती चालू केली आणि पहिल्या आठवड्यात जे फॉल्ट पाहिले, त्यांतले काही कित्येक वर्षं आमच्या कोडमध्ये मुक्कामाला होते.

पण कुलूप पूर्ण पानाला लागतं, एकट्या शून्य पत्त्याला लावता येत नाही. त्यामुळे त्या पानावर ज्यांचं रीतसर काम असतं तेही बाहेर अडकतात. जुन्या बायोसच्या आधाराने चालणारा कीबोर्डचा ड्रायव्हर त्यातलाच: ४१७ वाचल्याशिवाय कॅप्स लॉक चालू आहे की बंद, हे त्याला कळत नाही. म्हणून अशा कोडसाठी एक मॅक्रो दिलेला आहे. पान बंद आहे का पाहायचं, असेल तर उघडायचं, काम उरकायचं, आणि आधी बंद होतं तर पुन्हा बंद करायचं. आमच्या पॅचमध्ये हा मॅक्रो वापरला नव्हता. लिहिणाऱ्याने तेच काम हाताने केलं होतं: एक ओळ उघडण्याची, एक बंद करण्याची आणि मध्ये चार ओळी.

त्या चार ओळींमध्ये मी अडकलो. तिसरी ओळ म्हणत होती, कीबोर्डच्या बफरची सुरुवात आणि शेवट एकाच जागी असेल, म्हणजे कोणतंही बटण दाबलेलं नसेल, तर परत फिर. रिटर्न. वाचायला अगदी बरोबर. फक्त ती ओळ पान उघडल्यानंतर आणि बंद करण्याच्या आधी होती. कीबोर्डचा टायमर ठरावीक अंतराने वाजत राहतो आणि बहुतेक वेळा कोणीही बटण दाबलेलं नसतं. म्हणजे पहिल्याच फेरीत पान उघडलं जाणार, ड्रायव्हर मधूनच परत फिरणार, आणि त्यानंतर बूट संपेपर्यंत ते पान सताड उघडं. पुढच्या फेरीत बटण दाबलेलं असलं तर शेवटच्या ओळीने ते बंदही होईल, पण त्याच्या पुढच्या रिकाम्या फेरीत पुन्हा उघडं.

मी पॅच लिहिणाऱ्या मुलीला बोलावलं. दीड वर्षापूर्वी रुजू झालेली, कामाला चोख.

"सर, पण मी रात्रभर बूट टेस्ट लावली होती. एकदाही हँग झालं नाही."

"होणारच नाही," मी म्हटलं. "पान उघडं राहिलं की हँग व्हायला कारणच उरत नाही."

ती क्षणभर स्क्रीनकडे बघत राहिली, मग त्या रिटर्नवर बोट ठेवलं. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

या एका प्रसंगाने मला रिव्ह्यू कशासाठी असतो ते नीट कळलं, म्हणून तो इतक्या सविस्तर सांगितला. एखादं काम बिघडलं तर टेस्ट ओरडते. संरक्षण बिघडलं तर टेस्ट जास्तच शांत होते, कारण अडवणारं कोणी उरलेलं नसतं. सगळे दिवे हिरवे, आणि ज्या कारणासाठी महिनाभर राबलो ती गोष्ट गायब. हे पकडायला माणसानेच वाचायला हवं, आणि वाचताना आत जाणाऱ्या वाटेपेक्षा बाहेर पडणाऱ्या वाटा मोजायला हव्यात. रिटर्न किती, गोटू किती, मध्ये बोलावलेलं फंक्शन चूक घेऊन परत आलं तर काय. उघडझाप नीट होत असली तरी पान उघडं असताना कोणाकोणाचा कोड चालू शकतो, हाही प्रश्न आहेच. मॅक्रोमध्येही मधूनच रिटर्न केलं तर हाच घोटाळा होतो. पण मॅक्रोचं नाव दिसलं की वाचणारा सावध होतो. सुट्या सहा ओळी त्याला सावध करत नाहीत.

ईडीके-टूमध्ये एक सवलतही ठेवलेली आहे: बूटचा एक ठरावीक टप्पा संपला की हे संरक्षण काढून टाकता येतं. कारण कार्डांवरचे जुने ऑप्शन रॉम आणि काही बूटलोडर स्वतःच शून्य पानाला हात लावतात, आणि त्यांचा कोड आपल्याला दुरुस्त करता येत नाही. विंडोज ७चं बूट हे तिथे दिलेलं उदाहरण आहे. मला ही सवलत पटते. ती एका बिटात आहे, तिला नाव आहे आणि ती का आहे ते शेजारी लिहिलेलं आहे. विसरलेल्या रिटर्नमधून मिळालेल्या सवलतीला यातलं काहीच नसतं.

आता दुसऱ्या प्रकारच्या पॅचकडे वळतो, कारण संख्येने तेच जास्त येतात. स्टॅटिक ॲनालिसिसचं साधन तक्रार करतं की अमुक पॉइंटर नल असू शकतो. लगेच एक पॅच येतो: नल असेल तर परत फिर. तक्रार मिटते. अशा पॅचवर मी सही करायला कचरतो, आणि त्याबद्दल मला हट्टी म्हणणारे सहकारी आहेत. मेमरी मागितली आणि मिळाली नाही, बाहेरून आलेला डेटा अर्धवट निघाला, हार्डवेअर जोडलेलंच नाही, अशा ठिकाणी तपासणी हवीच आणि एरर कोडही वर कळवायला हवा. पण जो पॉइंटर आपल्याच कोडने दहा ओळी आधी भरलेला असायला हवा, तो रिकामा आला तर परत फिरून भागत नाही. कोणीतरी आपलं काम केलेलं नाही, आणि ही तपासणी त्याला पाठीशी घालते. अशा ठिकाणी असर्ट घालून मोठ्याने थांबावं हे माझं मत. तेही डोळे झाकून करता येत नाही, कारण गिऱ्हाईकाला जाणाऱ्या बिल्डमध्ये असर्ट बहुधा काढून टाकलेले असतात. तिथे काय व्हावं, ते पॅच लिहिणाऱ्याने ठरवून लिहायला हवं.

तपासणी नुसती दिसली म्हणून ती आहे असंही समजू नये. २००९ साली लिनक्स कर्नलच्या २.६.३० आवृत्तीत टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नलची तपासणी व्यवस्थित लिहिलेली होती. पण तिच्या वरच्या ओळीत त्याच पॉइंटरमधून एक किंमत वाचून घेतली होती. जीसीसी कंपायलरने हिशेब केला: पॉइंटर आधीच वापरलाय, म्हणजे तो नल असणं शक्य नाही, म्हणजे खालची तपासणी अनावश्यक. त्याने ती काढून टाकली. सी भाषेच्या नियमांप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पुढे एका सुरक्षा संशोधकाने शून्य पानावर स्वतःची मेमरी बसवून याच वाटेने कर्नलचा ताबा घेऊन दाखवला. दुरुस्ती म्हणजे एक ओळ खाली सरकवणं. शिवाय अशा तपासण्या काढू नकोस असं कंपायलरला बजावणारा पर्याय कर्नलच्या बिल्डमध्ये घातला गेला. मूळ पॅच ज्यांनी वाचला असेल त्यांना तपासणी दिसली असणार. ओळींचा क्रम त्यांच्या नजरेतून सुटला.

आणि तपासणी खरोखर असली तरी ती पुरेल याची खात्री नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. काही तासांतच 'नल पॉइंटर, साधी तपासणी विसरले' असा निकाल इंटरनेटवर लागून गेला. नंतर कंपनीने आणि मायक्रोसॉफ्टने जे विश्लेषण प्रसिद्ध केलं त्यातून वेगळंच निघालं. एका बाजूने २१ नोंदी धरल्या होत्या, दुसऱ्या बाजूने २०च पुरवल्या होत्या. एकविसावी वाचायला गेलेला ड्रायव्हर यादीच्या बाहेर गेला आणि तिथे पडलेला भलताच आकडा पत्ता म्हणून घेऊन आला. तो पत्ता वापरण्याआधी नलची तपासणी होती. आकडा शून्य नसल्यामुळे ती पार झाली. पॉइंटर शून्य आहे का, एवढंच तिने विचारलं होतं. तो आला कुठून, हे वाचणाऱ्यानेच विचारायचं असतं.

आमचा पॅच तिसऱ्या खेपेला आत गेला. दुसऱ्या खेपेला तिने मॅक्रो वापरला. तिसऱ्या खेपेला बफरची तपासणी मॅक्रोच्या बाहेर आणली: आत फक्त दोन्ही किमती वाचून घ्यायच्या, निर्णय पान बंद झाल्यावर. सोबत तिने आपणहून एक टेस्ट जोडली. ड्रायव्हरच्या शंभर फेऱ्या झाल्या की ती मुद्दाम शून्य पत्त्यावर लिहिते, आणि यंत्र अडकलं तरच पास होते.

तुमच्यापुढे असा पॅच आला तर एवढं जरूर करा: लिहिणाऱ्याला शेजारी बसवून विचारा, हा पॉइंटर रिकामा येतो कुठून, आणि उघडलेलं पान कोणकोणत्या वाटेने बंद होतं? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका, मग पॅच दोन ओळींचा का असेना.