गोठविलेली ठेव

नष्ट होऊ घातलेली वस्तू मनुष्याने जपून ठेवली, म्हणजे तिच्याविषयीच्या कर्तव्यातून तो मोकळा होतो काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु माशांचे रेत गोठवून साठविण्याच्या विद्येने तो नव्या स्वरूपात पुढे आणला आहे.

रोहू किंवा कटला या माशांच्या नराचे रेत पाण्याचा स्पर्श होताच चेतते आणि एक-दोन मिनिटांत निश्चेष्ट होते. निसर्गाने त्याला दिलेला अवधी एवढाच. तेच रेत पाण्याचा थेंबही न लागू देता काढावे, क्षारद्रवात मिसळावे, आत बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून त्यात एखादे संरक्षक द्रव्य घालावे आणि बारीक नळ्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावे. शून्याखाली १९६ अंशांवर ते वर्षानुवर्षे टिकते. १९५३ साली ब्लॅक्स्टर या शास्त्रज्ञाने हेरिंग माशाचे गोठविलेले रेत वापरून वसंतात विणाऱ्या आणि शरदात विणाऱ्या, म्हणजे एरवी ज्यांची गाठ पडणे कठीण, अशा दोन कुळांचा संकर साधला. मत्स्यबीज केंद्रांत पिढ्यान्‌पिढ्या त्याच मोजक्या नरमाद्यांपासून बीज घेतल्याने वंश क्षीण होतो. तेथे नदीतील नराचे साठविलेले रेत मोठाच आधार ठरते.

ही निसर्गात ढवळाढवळ आहे, हा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासूनच आपण त्यांच्या लग्नाचे भटजी होऊन बसलो आहोत!

खरी अडचण निराळी आहे. माशाचे अंडे आकाराने मोठे आणि बलकाने भरलेले. ते गोठवून पुन्हा सजीव करणे अद्याप साधलेले नाही. म्हणजे आपण जपतो ती अर्धीच ठेव. बाप कोठीत राहू शकतो, आईला मात्र वाहते पाणीच हवे. धरणांनी महासीराच्या विणीच्या वाटा अडविल्या, प्रवाह आटला, आणि माद्या उरल्या नाहीत, तर त्या नळ्यांचे करावयाचे काय? तरीही ‘रेत सुरक्षित आहे’ असे म्हणून नदीचा प्रश्न पुढे ढकलण्याचा मोह होतोच. ‘कायम जतन’ असा शेरा पडून फाईल अभिलेखागारात गेली, की विषय निकालात निघाल्याचे जे समाधान आपणा कारकुनांस मिळते, ते याच जातीचे.

मग साठवू नये काय? साठवावेच. मात्र ठेव स्वीकारणारा धन्याचा ऋणी असतो, आणि येथे धनी नदी आहे. शिवाय ही ठेव स्वस्थही बसू देत नाही. पात्रातील नायट्रोजन अहोरात्र उडून जात असतो. पट्टी बुडवून त्याची पातळी पाहावी लागते, उणा पडला की भर घालावी लागते. ज्याच्याकडे हे काम, त्याचीही एक दिवस बदली होते. आणि चार्ज घेणाऱ्याला यादीतील इतर वस्तूंबरोबर ते पात्रही मोजून घ्यावे लागते.