नकलेचा धर्म

भाईंदर हें रात्रीं उशिरा घरीं पोहोंचणाऱ्यांचें शहर आहे. चर्चगेटहून निघालेली गाडी तासाभरानें माणसें फलाटावर ओतते. मग जेवण, आणि जेवणानंतर झोंप येईपर्यंत दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रम. आमच्या घरींही हाच परिपाठ आहे. कांहीं दिवसांपूर्वीं अशाच एका कार्यक्रमांत एक तरुण नकलाकार लताबाई मंगेशकरांचें सोंग घेऊन आला. दोन वेण्या, पांढऱ्या साडीचा खांद्यावरून लपेटलेला पदर, तें मृदु व सावकाश बोलणें, आणि मग एकदम तारसप्तकांत चढविलेला सूर! आमच्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाई मनमुराद हसल्या. पुढें त्या नकलेनें निराळें वळण घेतलें. मान लटपटूं लागली, हात कांपूं लागले, शब्द तोंडांतच अडखळूं लागले. घरांतील मंडळी अधिकच हसली. आत्याबाईंनीं मात्र आपला कांपणारा हात हळूच पदराखालीं घेतला.

त्या एका हालचालीनें मला विचारांत टाकलें. एकाच नकलेंतील पहिलें हसूं निर्मळ कां वाटलें, आणि दुसरें कां बोचलें?

नक्कल ही मुळांतच हीन, असें मानणारा एक पक्ष आहे. त्याचें म्हणणें मला पटत नाहीं. नक्कल करावयाची तर आधीं ऐकावें लागतें, आणि तेंही सामान्य रसिकापेक्षां कितीतरी बारकाईनें. श्वास कोठें घेतला, अक्षर कोठें सोडलें, हें ज्याच्या कानांत मुरलेलें नाहीं त्याची नक्कल कोणी ओळखणार नाहीं. लताबाईंच्या नकलेसाठीं गाजलेल्या सुगंधा मिश्रा यांचेंच उदाहरण घ्या. त्यांचे आजोबा पंडित शंकरलाल मिश्रा हे उस्ताद अमीरखां यांचे शिष्य. गाण्याची तालीम त्यांना घरांतच मिळाली. गाणें न येणाऱ्यानें गाणाऱ्याची केलेली टवाळी ती ही नव्हे. शिवाय नक्कल स्वतःला नक्कल म्हणवूनच पुढें येते. बहुरूपी पोलिसाचा वेष करून दारीं येई, तेव्हां त्याला कोणी तोतया म्हणत नसे. यंत्रानें बनविलेला हुबेहूब आवाज मात्र मूळचा म्हणून खपूं शकतो. अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी यांत्रिक प्रतिकृति पुरविणाऱ्यांस मुंबई उच्च न्यायालयानें 2024 सालीं मनाई केली, ती योग्यच होय.

मग नकलेला बाध येतो तो कोठें? 2016 च्या मे महिन्यांत तन्मय भट या विनोदकारानें लताबाई व सचिन तेंडुलकर यांचीं सोंगें घेऊन एक लहानसें चित्रण प्रसिद्ध केलें. त्यांतील भाषा शिवराळ होती, आणि लताबाईंचें वय व चेहरा यांवर थट्टेचा भर होता. त्या वेळीं त्या 86 वर्षांच्या होत्या. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेनें पोलिसांकडे तक्रार केली; पोलिसांनीं तें चित्रण हटविण्याची खटपट केली; लताबाईंनीं मात्र आपण तें पाहिलें नाहीं व हे गृहस्थ कोण तेंही आपणांस ठाऊक नाहीं, असें सांगून विषय संपविला. त्या वादांत एक पक्ष म्हणाला, दैवतांची थट्टा नको. दुसरा म्हणाला, विनोदाला बंदी नको. पहिल्याचें म्हणणें टिकणारें नाहीं. थोरांना हसतां येतें तोंवरच समाजाची प्रकृति ठीक असते, आणि विनोदाचा न्यायनिवाडा पोलिसांनीं करावा हें तर त्याहून वाईट. परंतु एखादी गोष्ट करण्याची मोकळीक असणें आणि ती करण्याजोगी असणें, यांत अंतर आहे. तें दुसरा पक्ष विसरला.

माणसाची लकब ही बऱ्याच अंशीं त्याची स्वतःची कमाई असते. सूर लावण्याची रीत, बोलण्याची ढब, लोकांत वावरण्याचा तोरा, यांत त्याची निवड असते. आणि जें आपण निवडलें त्याबद्दल जगाचें हसणें सोसावें लागतें. वार्धक्य कोणी निवडीत नाहीं. त्याला हसतांना आपण एका गायिकेला हसत नसतों. ज्यांच्या ज्यांच्या माना लटपटतात त्या सर्वांना हसत असतों, आणि त्यांतील एखादें माणूस आपल्या शेजारींच बसलेलें असतें.

कोणी म्हणेल, अतिशयोक्ति हा विनोदाचा प्राण. असें तोलूनमापून हसावयाचें तर हसणार कोण? आक्षेप खोटा नाहीं. हसूं येतें तें विचारून येत नाहीं, आणि त्या रात्रीं मीही हसलों होतों. म्हणूनच तराजू हातीं धरण्याचें काम हसणाऱ्यापेक्षां हसविणाऱ्याचें अधिक आहे. एखादा वृद्ध नट स्वतःच्या म्हातारपणावर हसवितो तेव्हां कोणाला बोचत नाहीं; कारण तेथें दुखणें आणि विनोद दोन्ही एकाच्याच पदरचीं असतात.

लताबाई 6 फेब्रुवारी 2022 रोजीं निवर्तल्या. त्याच वर्षीं आमच्या मीरा-भाईंदर शहरांत त्यांच्या नांवाचें नाट्यगृह उघडलें. त्यांचें गाणें तेथें कधींच व्हावयाचें नाहीं. पण त्यांची नक्कल करणारा कोणी केव्हांतरी त्या रंगमंचावर उभा राहील, आणि खुशाल राहावा. त्यानें तो उंच सूर लावून पाहावा. लागला तर वाहवा होईल, न लागला तर त्याचें त्यालाच हसूं येईल. आत्याबाईंना मी पहिल्या रांगेंत नेऊन बसवीन. पदराखालचे दोन्ही हात बाहेर काढून त्यांनीं टाळ्या वाजविल्या, तर ती नक्कल साधली असें मी समजेन.