गुण वाचणाऱ्याला

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले की आपल्या जिल्ह्यात कविसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, शेवगाव, जामखेड, कुठेही जा. मांडव असतो, शाल-श्रीफळ असतं, हौशी निवेदक असतो आणि प्रत्येक कवितेनंतर ‘वा, वा’ असतं. ही दाद खोटी नसते. ऐकणाऱ्याला खरोखर बरं वाटलेलं असतं. पण कवी घरी परततो तेव्हा त्याचा कुठला शब्द भरतीचा होता, कुठली ओळ आधीच्या ओळीचंच पुन्हा सांगत होती, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पुढच्या वर्षी तो तीच कविता थोडी लांबवून आणतो. मोबाइलवरच्या गटात तर मजकूर वाचून व्हायच्या आतच टाळ्यांची चित्रं येऊन पडतात.

दुसरीकडे स्पर्धा आहेत. एकांकिकांचंच घ्या. पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक चालतो, आपल्याकडे नगरचा महाकरंडक होतो, आणि तालमींत पोरं जीव ओततात. 2022 साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडक द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात दोन्ही बाजू हिरिरीनं बोलल्या, पण बोलल्या त्या निकालावर. संहितेच्या कुठल्या प्रवेशात काय बिघडलं, यावर फारसं कुणी बोललं नाही. दाद आणि निकाल या दोन्ही शेवटाला मिळणाऱ्या गोष्टी आहेत. लिहिणाऱ्याला खरी गरज असते ती मधल्या बोलण्याची, मजकूर अजून ओला असताना होणाऱ्या बोलण्याची.

ते बोलणं आपल्याला खेळातून शिकता येईल असं मला ठामपणे वाटतं. चार-आठ जणांनी लिहायचं, एकमेकांचं वाचायचं, त्यावर बोलायचं. आणि या खेळात गुण लिहिणाऱ्याला द्यायचे नाहीत, वाचणाऱ्याला द्यायचे.

याचं मोठं उदाहरण शोधायला लांब जायला नको. ते नगरच्या भुईकोट किल्ल्यात घडलं. 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यसमितीच्या सदस्यांना या किल्ल्यात आणून ठेवलं. बारा जण होते: मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत नेहरूंनी तिथे हातानं हजारेक पानं लिहिली. पुढे 1946 मध्ये ती ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ म्हणून छापली गेली. हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या पुस्तकाची प्रस्तावना मात्र फार कमी लोक सावकाश वाचतात. तिच्यात नेहरू सांगतात की तुरुंगातल्या काही सोबत्यांनी हस्तलिखित वाचलं, मोलाच्या सूचना केल्या, आणि किल्ल्यातच पुन्हा हात फिरवताना आपण त्या सूचनांचा उपयोग करून काही भर घातली. आणि लगेच हेही सांगतात की लिहिल्याची जबाबदारी यांच्यापैकी कुणाची नाही, हे सगळ्यांना पटलं आहे असंही नाही.

या दोन-चार वाक्यांत मला अख्खा खेळ दिसतो. तोवर नेहरूंची आत्मकथा येऊन गेली होती आणि जगभर त्यांचं नाव झालं होतं. असा माणूस आपली कच्ची पानं शेजारच्या खोलीत नेऊन देतो. कुणाला? नरेंद्र देव पाली आणि बौद्ध दर्शनातले जाणकार, याच किल्ल्यात ते ‘अभिधर्मकोशा’च्या अनुवादाला बसलेले. आझाद अरबी-फारसीतले अधिकारी पंडित. भारताच्या इतिहासावर लिहिताना ज्या ज्या ठिकाणी पाय घसरायचा, नेमक्या त्या त्या ठिकाणची वाट माहीत असलेली माणसं भोवती होती. आणि ही माणसं रोज एकाच टेबलाशी जेवत होती. एखाद्या प्रकरणावर कडक बोलून उठून जायची सोय तिथे नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चेहरा समोर. सूचना उपयोगी असायला हवी आणि सोबत टिकायलाही हवी, अशा दुहेरी कसोटीतून ते वाचन गेलं असणार. लेखकानंही तीन गोष्टी पाळल्या: ऐकलं, निवडलं, आणि जे छापलं त्याचा भार स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

त्याच किल्ल्यात आझाद अगदी वेगळ्या रीतीनं लिहीत होते. पहाटे उठायचं, स्वतः चहा करायचा आणि हबीबुर रहमान खान शेरवानी या मित्राला पत्र लिहायचं. पत्रं टाकता येणार नव्हती. ती साचत गेली आणि 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावानं पुस्तक झालं. उर्दू गद्याचा तो ठेवा आहे. खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांवर त्यांनी जे लिहिलंय ते वाचून कुणाही मराठी वाचकाचा जीव सुखावेल. आझादांचा वाचक दूर होता, मायेचा होता आणि उत्तर देऊ शकत नव्हता. मला वाटतं, पहिला खर्डा असाच लिहावा, मनातल्या एका जिवलगासाठी. दुसऱ्या खर्ड्याला मात्र शेजारच्या खोलीतला वाचक लागतो, हातात पेन्सिल घेऊन बसलेला.

पण पेन्सिल घेतलेला प्रत्येक जण मित्र नसतो. आपल्या जिल्ह्याचीच एक आख्यायिका सांगतो. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी, 1744 ते 1819 हा त्यांचा काळ. लावणी, पोवाडा, फटका, सगळ्यांत त्यांचा हात चाले. सांगतात की अहिल्याबाई होळकरांनी त्यांना, ब्राह्मणाच्या कुळात जन्मून तमाशा करता हे बरं नव्हे, असं सुनावलं. फंदींनी डफ ठेवला आणि ते कीर्तनाकडे वळले. अहिल्याबाई चौंडीच्या, म्हणजे याच मातीतल्या, आणि आज जिल्हा त्यांचं नाव लावतो. त्यांच्याविषयी मनात पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की या गोष्टीत जे घडलं त्याला समीक्षा म्हणता येत नाही. ‘ही लावणी अमुक कडव्यात ढिली पडते’ असं बोलणं आणि ‘तू लावणीच लिहू नकोस’ असं बोलणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात लिहिणाऱ्याला पुढचं पाऊल मिळतं. दुसऱ्यात सांगणाऱ्याचा अधिकार तेवढा दिसतो. आजही गावोगाव लिहू पाहणाऱ्या पोरींना घरातून जे ऐकावं लागतं ते बहुधा या दुसऱ्या जातीचं असतं.

मैत्रीचाही एक धोका आहे. पुण्यात 1923 मध्ये रविकिरण मंडळ जमलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे अशी मंडळी एकत्र बसून कविता वाचत, चर्चा करत. मराठी कविता घरोघर पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण त्या काळच्या कवितेतल्या लकबी, लाडके शब्द, ठरीव हुंदके बोट ठेवून दाखवले ते अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’नी, 1925 मध्ये, विडंबनातून. आपली लकब आपल्याच माणसांना दिसेनाशी होते, कारण ती त्यांचीही झालेली असते. म्हणून खेळात दर काही महिन्यांनी एखादा बाहेरचा वाचक हवा. कवींच्या कोंडाळ्यात एखादी परिचारिका, एखादा वायरमन.

स्नेह टिकवून स्पष्ट बोलायचं तर नाव झाकावं लागतं, हे जपानी लोकांनी फार पूर्वी ओळखलं. हायकू आपल्याकडे शिरीष पै यांनी रुजवला, पण हायकू ज्या बैठकीत घडतो त्या ‘कुकाई’ची ओळख आपण करून घेतली नाही. या बैठकीत प्रत्येक जण आपले हायकू वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर निनावी लिहून देतो. चिठ्ठ्या मिसळतात. मग त्या वाटल्या जातात, आणि ज्याच्या वाट्याला ज्या आल्या त्या तो आपल्या हातानं एका कोऱ्या कागदावर उतरवतो, म्हणजे अक्षरावरूनही कुणी ओळखू नये. असे कागद सगळ्यांत फिरतात, प्रत्येक जण आवडलेले टिपतो, निवड मोठ्यानं वाचली जाते, आणि तेव्हा कुठे रचणारा आपलं नाव पुकारतो. मासाओका शिकी या कवीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत जोमात चालवली. मला यातला दुसऱ्याची ओळ स्वतःच्या हातानं उतरवण्याचा भाग फार मोलाचा वाटतो. उतरवताना माणूस सावकाश वाचतो. जिथे हात अडतो तिथे बहुधा ओळही अडलेली असते.

तालुक्याच्या गावात निनावीपणाची गरज तर जास्तच. लिहिणारा कुणाचा तरी सर असतो, कुणाचा व्याही, कुणाच्या सोसायटीचा चेअरमन. त्याच्या कथेला नाव ठेवायचं म्हणजे पुढच्या लग्नात कुणाच्या पंगतीला बसायचं याचा विचार आला.

तर मनात आहे तो खेळ असा. सात-आठ जण, त्यांत निम्म्या तरी बायका. विषय चिठ्ठी टाकून निघेल. मजकूर एक पान, जास्त नाही. पंधरा दिवसांत एका ठरलेल्या माणसाकडे द्यायचा. तो सगळे मजकूर एकाच टाइपात छापून, नावं काढून आणेल. बैठकीत प्रत्येक मजकूर भलताच कुणीतरी वाचेल. लिहिणाऱ्यानं त्या वेळी तोंड उघडायचं नाही. ‘मला म्हणायचं होतं असं की’ हे वाक्य बैठकीत बंद. ऐकणाऱ्यांनी आधी सांगायचं की ऐकून काय लक्षात राहिलं, मग सांगायचं की लक्ष कुठे सुटलं, आणि कागदावरच्या शब्दाला बोट लावून सांगायचं. ‘छान आहे’ चालणार नाही, ‘जमलं नाही’ही चालणार नाही. पुढच्या बैठकीत जुना आणि सुधारलेला, दोन्ही मजकूर लागोपाठ वाचायचे, आणि आता लिहिणारा नाव सांगून बोलेल: कुणाची कुठली सूचना घेतली, कुठली सोडली. घेतलेल्या प्रत्येक सूचनेला एक गुण, तो सूचना देणाऱ्याच्या नावावर.

एवढ्यानं काय होतं, ते मी अशाच एका बैठकीत पाहिलं आहे. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारावर कुणीतरी लिहिलं होतं. बैल विकणारा म्हातारा गर्दीत ओरडून किंमत सांगतो, व्यापारी ओरडून पाडतो, म्हातारा डोळे पुसतो. भाषा चांगली होती, दोघी-तिघींना गलबलून आलं. मग कोपऱ्यातला एक शेतकरी, जो एरवी ‘मला काय कळतंय’ म्हणून गप्प बसायचा, तो म्हणाला, “बैलाचा सौदा असा ओरडून होत न्हाय. उपरण्याखाली हात घालत्यात, बोटं दाबून भाव करत्यात. शेजारच्याला बी कळत न्हाय.” बस, एवढंच. पुढच्या खेपेला गोष्ट आली तेव्हा तिच्यात ओरडणं उरलं नव्हतं. उपरण्याखाली दोन हात होते, व्यापाऱ्यानं एक बोट सोडून दिलं, आणि म्हाताऱ्यानं हात काढून घ्यायला क्षणभर उशीर केला. डोळे पुसायची गरज राहिली नाही. त्या दिवशीचा गुण शेतकऱ्याला गेला, आणि त्यानंतर तो दर बैठकीला मजकुरावर बोलू लागला. दोन महिन्यांनी त्यानं स्वतःचं एक पान दिलं.

गुण वाचणाऱ्याला द्यायचे ते यासाठी. बक्षीस लिहिण्याला ठेवलं की माणसं दुसऱ्याचं वाचन चालू असताना आपला कागद चाळत बसतात, हे कुठल्याही संमेलनात व्यासपीठाकडे पाहिलं तरी दिसतं. बक्षीस सूचनेला ठेवलं की कान टवकारतात. आणि नुसतं खोचक बोलून गुण मिळत नाही, कारण तो लिहिणाऱ्याच्या हातात असतो. त्याला उपयोग झाला तरच मिळतो. नियमानं एवढं काम केलं की कुणाला मुद्दाम गोड बोलावं लागत नाही आणि कडवटही व्हावं लागत नाही.

एका बाबतीत मात्र खेळानं फार जपून राहावं, ती बाब म्हणजे बोली. अकोले तालुक्याच्या डोंगरातली महादेव कोळ्यांची भाषा वेगळी, जामखेड-कर्जतकडची मराठवाड्याला लागून असलेली वेगळी, नगर शहरातली आणखी वेगळी. समीक्षेच्या नावाखाली शाळामास्तरकी शिरायला इथेच फट असते. ‘न्हाय’चं ‘नाही’ करून देणं ही सूचना नव्हे, तिला गुण नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी शाळा पाहिली नव्हती. लग्नानंतर हळूहळू लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांच्या संसाराची कितीतरी वर्षं नगरला गेली, बालकवी त्यांच्या घरी राहून गेले. 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपानं येऊ लागलं तेव्हा त्यात त्या बोलत तशीच मराठी होती. कुणी शुद्धलेखनाचा कडक मास्तर त्या पानांवर बसला असता तर मराठीतलं एक थोर पुस्तक सपाट झालं असतं. बोलीतल्या शब्दाविषयी एकच प्रश्न विचारावा: हा शब्द या माणसाच्या तोंडी आहे का? हो असेल तर पुढे चला.

जागा अडचणीची नाही. नगरचं जिल्हा वाचनालय 1838 पासूनचं आहे, आणि तालुक्यातालुक्यात सार्वजनिक वाचनालयांच्या खोल्या संध्याकाळी ओस असतात. अडचण वेळेची आहे. अनेक ठिकाणी शेतीपंपांची वीज आठवडा पाळीनं दिवसा आणि रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात बागायतदार संध्याकाळी सात वाजता बैठकीला येऊच शकत नाही. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू झाला की ऊसवाल्यांचं वेळापत्रक आणखी बिघडतं. बायकांना स्वयंपाकाच्या वेळेची बैठक नको असते. म्हणून बैठक दुपारी, तीन ते पाच, महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ठेवावी. त्या दिवशी बँकाही बंद असतात, म्हणजे तिथल्या नोकरदारांनाही येता येतं. चहाचे पैसे प्रत्येकानं आपापले द्यायचे, म्हणजे यजमान आणि पाहुणे हा भेद उरत नाही. पहिला विषय चिठ्ठीनंच निघावा हे खरं, पण चिठ्ठ्यांत ‘पाऊस’ आणि ‘आई’ हे दोन विषय पहिलं वर्षभर टाकू नयेत.