चमक आणि पारख

दिल्लीत राहून आकाश न्याहाळण्याचा छंद जोपासणे कठीणच. हिवाळ्यात धूर नि धुके, उन्हाळ्यात धूळ, आणि दिव्यांची झळाळी तर बारमास. तरीही पावसाने धुऊन काढलेल्या एखाद्या संध्याकाळी सरकारी वसाहतीच्या गच्चीवर उभे राहावे, तर ताऱ्यांमधून संथपणे सरकणारा एखादा ठिपका दिसतो. पालमला उतरणाऱ्या विमानाचे तांबडे-हिरवे दिवे त्याला नसतात. तो असतो कृत्रिम उपग्रह. आपल्याकडे सूर्य मावळलेला असला, तरी त्याच्या उंचीवर अजून ऊन असते.

काही ठिपके एकसारख्या तेजाने जातात, काही लुकलुकतात. नजर अर्थातच लुकलुकणाऱ्याकडे वळते. परंतु कार्यरत उपग्रहाचा रोख सांभाळलेला असतो, म्हणून तो बहुधा शांत दिसतो. निकामी उपग्रह वा रॉकेटचे रिकामे नळकांडे गिरक्या घेते, आणि त्याच्या अंगावरून ऊन परतले की चमक होते. 1957 साली स्पुटनिक म्हणून लोकांनी नुसत्या डोळ्यांनी जे पाहिले, तेही बहुतांशी त्याच्या मागून फिरणारे रॉकेटच होते. 58 सेंटिमीटर व्यासाचा मूळ गोळा फारच अंधुक होता.

मग ‘जो चमकतो तो निकामी’ असे सुभाषित रचावे काय? तेही खरे नव्हे. 1997 पासून सोडलेल्या इरिडियम मालिकेतील उपग्रह आपले काम चोख करीत असतानाच आरशासारख्या अँटेनांमुळे क्षणभर लखलखत. चमक गुणाची साक्ष देत नाही, तशी अवगुणाचीही देत नाही.

म्हणूनच जाणता निरीक्षक वेळ आणि दिशा टिपतो, दोन चमकांमधील सेकंद मोजतो, प्रसिद्ध झालेल्या कक्षांशी ते ताडून पाहतो. मेळ बसेपर्यंत नावाचा रकाना तो कोराच ठेवतो.

नोकरीत असताना मी अनेकांचे गोपनीय अहवाल लिहिले. तेथे रकाना कोरा ठेवण्याची सोय नव्हती. पण थोडे थांबण्याची होती. बैठकीत चमकणाऱ्यास ‘उत्कृष्ट’ आणि खाली मान घालून टिपणे लिहिणाऱ्या एका सहकाऱ्यास ‘साधारण’, असे शेरे मी एकाच दुपारी दिले. दुसऱ्याची बढती त्या वर्षी अडली. त्याने तक्रार केली नाही.

आता गच्चीवर मी एका निर्जीव नळकांड्यासाठी घड्याळ लावून सेकंद मोजीत असतो. त्या माणसासाठी इतके थांबलो असतो, तर?