मापातलं विष

मुंबईत मत्स्यटाकी घरी येते ती बहुतेक एका संध्याकाळीच. काच, मोटर, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं, अँटी-क्लोरीनची छोटी बाटली आणि रबरबँड लावलेल्या फुगीर पिशवीत मासे, सगळं एकाच बिलावर. दुकानदार सांगतो, "चार थेंब टाका, अर्ध्या तासाने सोडा." तो खोटं सांगत नसतो. थेंबांनी क्लोरीन जातो, अर्ध्या तासात पिशवीतल्या आणि टाकीतल्या पाण्याचं तापमान सारखं होतं. पुढच्या पाच-सहा आठवड्यांबद्दल मात्र तो बोलत नाही, कारण तेवढं ऐकून घेतलेलं गिऱ्हाईक आज मासे नेणार नाही.

मरोळला आमच्या बाजूच्या नव्या टॉवरांत गृहप्रवेशाला टाकी भेट द्यायची टूम निघाली आहे. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश. सोनेऱ्यांनी भरभराट आणायची आणि काळ्याने घरावरची पीडा स्वतःवर घ्यायची, अशी कामाची वाटणी. दोन फुटी टाकीत जेमतेम पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावतं. गोल्डफिश हा खादाड आणि तितकाच घाण करणारा मासा, त्यामुळे नऊ म्हणजे फारच झाले. पण आलेली भेट परत करता येत नाही, जिवंत भेट तर नाहीच नाही. शेजारच्या आजींकडे अशीच टाकी आली आणि आठवड्याच्या आत त्यांनी मला हाक मारली. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. पाणी मात्र नितळ होतं, पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यातून वाचता येत होतं.

या नितळपणावर जाऊ नये. मासा कल्ल्यांवाटे दिवसरात्र अमोनिया सोडत असतो, आणि विष्ठा, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. तळ्यात याची वासलात लावणारे जिवाणू दगडांवर, गाळात, पानांवर आधीच वस्तीला असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइट माशाच्या रक्ताला ऑक्सिजन वाहू देत नाही, नायट्रेट त्या मानाने बरंच सोसवतं. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच, आणि त्यांची वाढही सावकाश. आपल्या पोटातले ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना त्यासाठी अर्धा-पाऊण दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. तोवर मासे स्वतःच सोडलेल्या अमोनियात पोहत राहतात.

आजींनी विचारलं, "अमोनिया म्हणजे सुक्या मोरीला येतो तोच वास ना?" अगदी तोच. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात आगोटीच्या खरेदीला गेलेल्या कुणालाही तो नाकात झोंबलेला आठवेल. मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, मांसात युरिया असतो, तो कुजला की अमोनिया होतो. फक्त टाकीतला अमोनिया लिटरमागे एखाद्या मिलिग्रॅमचा असतो. एवढ्यावर गोल्डफिश आजारी पडतो आणि आपल्या नाकाला पत्ता लागत नाही. डोळेही निरुपयोगी, नाकही निरुपयोगी, म्हणून परीक्षेचे थेंब आणावे लागतात.

ते काम आजींच्या नातीने घेतलं. काचेच्या बोटभर नळीत रेघेपर्यंत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटली उभी धरून थेंब मोजायचे, बूच लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पाणी लिंबूपिवळं राहिलं तर उत्तम. पहिल्या दिवशी ते आधी पोपटी झालं आणि मग खिडकीपाशी नेऊन रंगपट्टीवर ठेवेपर्यंत कडुनिंबाच्या पानासारखं हिरवं. ट्यूबलाइटखाली रंग नेहमी एक घर कमी दिसतो, हे तिनेच शोधून काढलं.

अमोनियाचा आकडा एकटा पुरत नाही. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक जहाल आणि एक बराचसा निरुपद्रवी, आणि कुठलं रूप किती हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पाणी अठ्ठावीस अंशांना असताना, पीएच 7 असेल तर जहाल रूप शेकडा एकहूनही कमी. पीएच 8 झाला की तेच सहा-सात टक्क्यांवर जातं. महापालिकेचं पाणी म्हणजे विहार, तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा या तलाव-धरणांत साठलेलं पावसाचं पाणी. मरोळच्या डोक्यावरचा विहार तर 1860 पासून मुंबईला पाणी पुरवतो आहे. हे पाणी मऊ, क्षार कमी. पण नव्या टॉवरांत ते पुरत नाही, मग टँकर येतो, बोअरवेल जोडली जाते, आणि त्या जड पाण्याचा पीएच बहुधा चढा असतो. तेव्हा एकाच टाकीत एकच अमोनिया सोमवारी सोसवेल आणि टँकर आल्यावर मंगळवारी सोसवणार नाही. पाणी बदलण्याआधी वॉचमनला "आज टँकर आला होता का?" विचारणं हा आमच्या मत्स्यशास्त्राचा भाग आहे.

मऊ पाण्याचा तोटा उलट बाजूने येतो. अमोनियाचं रूपांतर होताना आम्ल तयार होतं, ते शोषायला पाण्यात क्षार लागतात. नसले तर पीएच घसरत जातो, साडेसहाच्या खाली जिवाणू ढेपाळतात आणि बसत आलेली घडी अडून राहते. यावरचा उपाय मला 1877 सालच्या एका प्रयोगात सापडला. पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ यांनी वाळू आणि खडूची भुकटी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी थेंबथेंब सोडलं. वीस दिवस काहीच झालं नाही. जेवढा अमोनिया वरून आत जाई तेवढाच खालून बाहेर येई. मग नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. क्लोरोफॉर्मची वाफ दिली तेव्हा काम थांबलं, बागेतल्या मातीचं धुवण ओतलं तेव्हा पुन्हा सुरू झालं. हे काम रसायनाचं नसून जिवंत कुणाचं तरी आहे, हे त्यातून ठरलं. पुढे 1890 च्या सुमारास विनोग्राद्स्कीने ते जिवाणू वेगळे केले. मत्स्यटाक्यांत दुसऱ्या टप्प्याचं काम करणारा जिवाणू पुस्तकांत लिहिला होता तो नसून नायट्रोस्पायरा आहे, हे तर 1998 पर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

मला त्या नळीतली खडूची भुकटी मोलाची वाटते. आम्ही खडूऐवजी तिसऱ्यांचे शिंपले घेतले. आजींच्या स्वयंपाकघरात त्यांना तोटा नव्हता. उकळून, घासून, जुन्या मोज्यात बांधून फिल्टरच्या वाटेवर ठेवले. मातीच्या धुवणाऐवजी माझ्या जुन्या टाकीतला मळकट स्पंज त्यांच्या फिल्टरमध्ये पिळून घातला. विरजण लावण्यासारखंच हे. चांगल्या घरचं असेल तर आठवडे वाचतात. आणि तो स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळायचा, हे कामाला येणाऱ्या मावशींना पुन्हा पुन्हा बजावून ठेवलं. लख्ख धुतलेल्या स्पंजाने ढेपाळलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत.

सगळ्यात अवघड गेलं ते खाणं. आपल्याकडे तळ्याकाठी गेलं की कणकेच्या गोळ्या टाकायच्या, ही माशांशी असलेली आपली पहिली ओळख. खायला घालणं म्हणजे पुण्य, आणि गोल्डफिश तर माणूस दिसला की काचेशी येऊन याचना करतो. पण टाकलेला प्रत्येक दाणा उद्याचा अमोनिया असतो. मी एकाआड एक दिवस, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच, असं सांगितल्यावर आजींचा चेहरा उतरला. "अहो, मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं?" निरोगी मासा काही दिवस सहज उपाशी राहतो, हे त्यांना पटलं नाही. त्यांना पटला तो रंग. सणाच्या दिवशी पाहुण्यांनी मूठभर दाणे टाकले आणि दुसऱ्या सकाळी नळी गर्द हिरवी झाली, ती नातीने देवघरासमोर नेऊन त्यांना दाखवली. त्यानंतर दाण्यांचा डबा देवांच्या कपाटात कुलूपबंद झाला.

हे सगळं करताना माझ्या मनात राहून राहून येतं की यात अमोनिया पार घालवायचा नसतो. पार घालवला तर जिवाणू उपाशी मरतील आणि टाकीची घडी कधीच बसणार नाही. वाढू दिला तर मासे मरतील. माशाने सोडलेल्या विषावरच त्याचे राखणदार पोसले जातात, तोवर ते विष कुणीतरी मापात धरायचं. रोज संध्याकाळी रंग पाहायचा, गडद असेल तर तिसरा हिस्सा पाणी काढायचं, रात्रभर बादलीत ठेवलेलं भरायचं. प्रश्न सोडवायचा नाही, उद्यावर ढकलायचा, तोही मोजून. मला एरवी ढकलाढकलीचा तिटकारा आहे. इथे तोच धर्म ठरतो. जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, खडीला आणि स्पंजाला चिकटून असतात, म्हणून बादल्या ओतल्या तरी ते जात नाहीत.

माप हाताबाहेर गेलं की काय होतं ते पाहायला मरोळकराला लांब जावं लागत नाही. विहार आणि पवईच्या सांडव्यांतून निघालेली मिठी आरेच्या झाडीतून इथे येते, ती पुढे विमानतळ, कुर्ला करत माहीमच्या खाडीला मिळते. तिच्यातही अमोनिया, तिच्यातही तो खाऊ शकणारे जिवाणू. पण एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निकाली काढायला त्यांना साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो, आणि सांडपाण्याने काळ्या झालेल्या पाण्यात तो उरत नाही. राखणदारांचाच श्वास कोंडलेला. आजींच्या टाकीत वीस वॅटांचीही नसेल अशी मोटर बुडबुडे सोडते, तेवढ्यावर सगळं तगून आहे. वीज गेली की नात कपाने पाणी उपसून उंचावरून ओतते.

महिना होत आला तेव्हा अमोनियाची नळी पिवळी राहू लागली आणि नायट्राइटची जांभळी झाली. इथे लोक टाकी बसली म्हणून पेढे वाटतात आणि नेमके याच आठवड्यात मासे घालवतात. खडे मीठ लिटरला अर्धा ग्रॅम घातलं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. काळा मासा दोन दिवस कोपऱ्यात झुकून राहिला, मग सावरला. त्याने कुणाची पीडा घेतली हे आजी ठरवोत. नंतर जांभळा रंग फिका होत आकाशी झाला आणि काढलेल्या पाण्याने गॅलरीतली तुळस व बाटलीतला मनीप्लांट फोफावले, कारण उरलेलं नायट्रेट झाडांचं खत. नऊपैकी पाच मासे तेव्हाच एका शाळेच्या हौदात पाठवले, कारण टाकी बसली तरी नऊजणांना ती पुरत नाहीच.

माशांना मधे घालून टाकी बसवणं मला मनातून पटत नाही. मासे घरी आलेच असतील तर वरचं सगळं करावं, दुसरा मार्ग नाही. पण आले नसतील तर महिनाभर रिकामी टाकी चालू ठेवून तिच्यात रोज चिमूटभर खाणं कुजू द्यावं, नाहीतर बाजारातून एक कोळंबी आणून टाकावी. अमोनिया तोच, भोगणारं कुणी नाही. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना टाकी घ्यायची आहे, त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "हॉलमध्ये रिकामी टाकी, आत सडकी कोळंबी, आणि आम्ही जैन." मी म्हटलं, मग दाणे टाका. त्यांनी विचारलं, महिनाभर पाहुण्यांना काय सांगायचं. अजून ते ठरवताहेत, आणि दुकानदाराचे त्यांना रोज फोन येताहेत.