शोक आणि अभंग

सज्जनहो, अभंग दुःखातून निघतो असे सगळेच म्हणतात. खरे आहे, पण दुःख झाले आणि अभंग झाला, इतके ते सोपे नाही.

तुकोबारायांचेच चरित्र पाहा. इ. स. १६३० च्या सुमारास दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. महाराजांचा व्यवहार बुडाला, मानहानी झाली, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगितले आहे, आणि तेही संतांनी विचारले म्हणून, संकोचाने. पण त्या अभंगातला क्रम ध्यानात घ्या. दुःखापाठोपाठ कवित्व आले नाही. आधी देवाचे भंगलेले देऊळ मनात आले, ते सावरले. एकादशीला कीर्तन आरंभिले. संतांची वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्याच्या मागे राहून ध्रुपद धरले. मग स्वप्नात गुरूचा उपदेश, आणि त्यानंतर कवित्व!

शोक हा स्थायीभाव आणि करुण हा रस, असे पाठशाळेत आम्ही घोकले होते. घोकले खरे, पण कळायला फार वर्षे गेली.

माझा धाकटा मुलगा गेला, तेव्हा महिन्याच्या आत मी कीर्तनाला उभा राहिलो. निरूपण राहिले बाजूला, त्याच्याच आठवणी सांगत सुटलो. सारा मंडप रडला. मला आतून बरेही वाटले, हे आज लपवीत नाही. कीर्तन संपल्यावर वृद्ध विणेकरी हळूच म्हणाले, "बुवा, आज लोक तुमच्यासाठी रडले. आपला पांडुरंग कुठं होता हो?" काळजात चर्र झाले.

पुढे वर्षभर मी नारदाच्या गादीवर उभा राहिलो नाही. दुसऱ्यांच्या मागे टाळ घेऊन ध्रुपद धरले. वर्षाने तुकोबांचा तोच अभंग निरूपणाला घेतला. मुलाचे नाव काढले नाही. पंगतीला एक पाट रिकामा राहिला की घास कसा अडतो, एवढेच बोललो. नंतर एक आजीबाई पाया पडून म्हणाल्या, "महाराज, माझ्या लेकीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाबांनो, दुःख लपवू नका आणि मिरवूही नका. ओवी रचा, अभंग रचा. पण आधी टाळ धरा. रचून झाल्यावर एवढेच पाहा, की शेवटी मी उरलो का विठ्ठल उरला?

रामकृष्णहरि.