दौंडची खेप

शिरूरच्या एका कांदा व्यापाऱ्याचा टेम्पो होता. टेम्पोवरचे मामा जुने, विश्वासातले. त्यांची मजुरी किलोमीटरवर ठरलेली.

एकदा शेठने गोण्या भरून दिल्या. अर्ध्या पुण्याच्या मार्केट यार्डात उतरवायच्या, उरलेल्या दौंडला पोचवायच्या. मामा पहाटे निघाले. रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली करत पुणे गाठलं, तिथला माल उतरवला आणि सोलापूर रस्त्याने पाटसपर्यंत येऊन दौंडकडे वळले. परतताना चौफुल्याहून पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली आणि न्हावऱ्यावरून रात्री शिरूरला पोचले. मीटर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडलं होतं.

हिशेबाला बसल्यावर शेठने मोबाइलवर नकाशा उघडला. शिरूरवर एक बोट, दौंडवर दुसरं. सरळ रेषेत अंतर निघालं सुमारे ४५ किलोमीटर.

"मामा, दौंड इथून ४५ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन ९०. मी तेवढेच पैसे देणार."

मामांचा चेहरा उतरला. "शेठ, टेम्पो काही उडत जात नाही. पुण्यालाही तुम्हीच पाठवलंत."

शेठची मुलगी नववीत होती. शेजारी बसून ती विज्ञानाचं पुस्तक वाचत होती. ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही मोजलंत ते विस्थापन. निघालेल्या ठिकाणापासून पोचलेल्या ठिकाणापर्यंतची सरळ रेषा. पण त्यात नुसता आकडा चालत नाही, दिशाही धरावी लागते. जाताना ४५ किलोमीटर आग्नेयेला, येताना तेवढेच वायव्येला. टेम्पो पुन्हा आपल्या दारात उभा आहे, म्हणजे एकूण विस्थापन शून्य. मग मामांना शून्य रुपये द्यायचे का?"

शेठ गप्प झाले. दारात टेम्पो उभा होता. चाकांना चिखल लागला होता, डिझेलचा काटा तळाला गेला होता.

मामा म्हणाले, "बघा, म्हणजे मीटर खरं आणि नकाशा खोटा."

"तसंही नाही मामा," मुलगी म्हणाली. "दुपारी अप्पांनी फोन करून टेम्पो कुठे आहे असं विचारलं असतं आणि तुम्ही 'दीडशे किलोमीटर झाले' एवढंच सांगितलं असतं, तर त्यांना काय कळलं असतं? दीडशे किलोमीटर चालून टेम्पो कुठेही असू शकतो. 'शिरूरपासून आग्नेयेला ४५' म्हटलं की नेमकं दौंड सापडतं. अंतर सांगतं किती चाललो. विस्थापन सांगतं कुठे पोचलो. विस्थापन अंतराएवढं असेल किंवा कमी असेल, जास्त कधीच नसतं."

शेठने मीटरचा आकडा वहीत लिहिला आणि मामांच्या हातावर पूर्ण पैसे ठेवले. "मामा, चुकलं माझं. माप बरोबर होतं, पण ते लावलं भलत्या ठिकाणी."

तात्पर्य : कष्ट चाललेल्या वाटेने मोजावेत, ठिकाण विस्थापनाने. माणूस संध्याकाळी होता तिथेच दिसला, म्हणून तो दिवसभर चाललाच नाही असे म्हणू नये. एकाचे माप दुसऱ्याला लावले, की गणितही चुकते आणि न्यायही.